उणे अठरामधले सबनीस

सबनीस मला पहिल्यांदा दिसले तेव्हा ते मटणाच्या खोक्यावर, लाल जाकीट घालून, कमरेपर्यंत स्लीपिंग बॅगमध्ये शिरून बसले होते. बाहेर फुजैराचा ऑगस्ट होता, शेहेचाळीस डिग्री. आत उणे अठरा. नोकरीचा पहिला दिवस म्हणून मी टाय लावून गेलो होतो, आणि ऑफिसात कोणीतरी “स्टोअरकीपरला भेटून या” म्हणत कोल्ड स्टोअरचं दार दाखवलं होतं. दार उघडताच पांढऱ्या वाफेचा लोट अंगावर आला आणि त्यातून आवाज आला, शुद्ध मराठीत.

“अहो, आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा. दार उघडं ठेवू नका.”

मी गडबडून आत गेलो आणि दार ओढून घेतलं. मग लक्षात आलं की आपण अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आहोत.

“किती मिनिटं झाली?” त्यांनी विचारलं.

“कशाला?”

“मला इथे बसून.”

“मला कसं कळणार? मी आजच नोकरीला लागलोय.”

“अस्सं. मग आतापासून बघायला लागा.”

मी चार मिनिटं घड्याळ बघत उभा राहिलो. पाचव्या मिनिटाला मला माझे कान जाणवेनात. सबनीस शांतपणे म्हणाले, “तुम्ही जा आता. टायला काही ऊब नसते.”

आमची कंपनी जहाजांना वाणसामान पुरवायची. फुजैरासमोर समुद्रात तेल भरायला जहाजं नांगर टाकून थांबत. त्यांना लागणारे कांदे-बटाटे, अंडी, मटण, साबण, दोर, सगळं आम्ही लाँचने पोचवायचो. मी ऑर्डरी लिहून घेणारा कारकून, सबनीस स्टोअरकीपर. शहाण्णव साल असेल. एका लाँड्रीच्या वरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं राहायचो. मी सव्वीसचा, ते पंचेचाळिशीला टेकलेले, बिनलग्नाचे. गाव मंगळवेढा. घरी एक बहीण. मला ते पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत “अहो दिघे” म्हणत आले. पण त्यात माझं विशेष काही नव्हतं. जिन्यातल्या मांजरालाही ते “अहो, सरका” म्हणायचे.

त्यांच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून एक नकाशा चिकटवलेला होता. कॅनडाचा. त्या काळात गल्फमधल्या दर तिसऱ्या माणसाच्या कपाटात कॅनडा असायचाच, पण फॉर्मच्या रूपात. सगळ्यांना तिथे जाऊन राहायचं होतं. सबनीसांना राहायचं नव्हतं. त्यांना तो देश जमिनीवरून पार करायचा होता. पश्चिमेच्या समुद्रापाशी उतरायचं, पाठीवर पिशवी घ्यायची, आणि मग डोंगर, तळी, हिमनद्या करत पूर्वेकडे निघायचं. जमेल तिथे चालत, नाही जमलं तर बसने, कोणी गाडीत घेतलं तर त्या गाडीने. तीन महिन्यांत दुसऱ्या समुद्रापाशी पोचायचं, आणि परत येऊन कांदे मोजायला लागायचं.

“परत कशाला?” हा प्रश्न त्यांना प्रत्येकाने विचारला होता.

“म्हणजे काय? स्टोअरची चावी माझ्याकडे असते.”

एका जहाजावरचा फिलिपिनो खानसामा तिकडच्या बंदरात काही वर्षं राहिलेला होता. तो फुजैराला आला की सबनीस त्याला आमच्या फ्लॅटवर जेवायला बोलवायचे, पिठलं करून घालायचे आणि पुढ्यात नकाशा पसरायचे. तो जे सांगेल ते बारीक अक्षरात नकाशाच्या कडेला लिहून घ्यायचे. आम्ही सगळे दिरहमचे मनातल्या मनात रुपये करायचो, सबनीस किलोमीटरचे दिवस करायचे. दुबईला जाऊन आलो असं मी सांगितलं की, “म्हणजे पाच दिवस. वाटेत डोंगर धरून साडेपाच.” अबूधाबी बारा दिवस. अजमानला राहणारा आमचा एक ओळखीचा रोज गाडीने दुबईला कामाला जा-ये करायचा. “रोजचे दोन दिवस जातात हो त्याचे,” असं ते खरोखर हळहळून म्हणायचे.

शुक्रवारी सुट्टी. सगळे झोपलेले असताना सबनीस सकाळी पाठपिशवीत तांदळाच्या पाच-पाच किलोच्या तीन थैल्या आणि पाणी भरून डोंगरात जायचे. आमचे डोंगर म्हणजे नुसता तपकिरी खडक, झाड नाही, पाणी नाही. तिथे एक म्हातारा अरब शेळ्या घेऊन असायचा. तो दर शुक्रवारी आपली पिकअप थांबवायचा, सबनीसांना बसायला सांगायचा, आणि सबनीस छातीवर हात ठेवून “शुक्रन, शुक्रन” करत पुढे चालू लागायचे. पाच-सहा शुक्रवार त्याने हे सहन केलं. मग एका शनिवारी तो आमच्या ऑफिसात आला आणि आमचे मॅनेजर कुरियनसाहेब यांच्यावर इतका ओरडला की चहावाला बाहेरच थांबला. त्याचं म्हणणं असं, की या माणसाला तुम्ही तांदूळ पाठीवरून डोंगरापलीकडे पोचवायला लावता, गाडी देत नाही, तुम्हाला देवाचं भय नाही का?

कुरियनसाहेबांनी सबनीसांना बोलावलं. “सबनीस, ये क्या है? चावल किधर ले जाता है तुम?”

“कहीं नहीं साब. वापस लाता है.”

“वापस लाता है तो ले के क्यूँ जाता है?”

पुढच्या शुक्रवारपासून साहेबांनी त्यांना कंपनीची पिकअप दिली. सबनीसांनी ती नियमाने घेतली, डोंगराच्या पायथ्याशी उभी केली, आणि तिच्यातून तांदूळ उतरवून चालू लागले.

थंडीचा सराव कोल्ड स्टोअरमध्ये. आठवड्यातून दोनदा, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, वीस मिनिटं. कोणीतरी बाहेरून ठोठावायचं, की हे बाहेर येणार. पहिल्याच महिन्यात हे काम माझ्याकडे आलं, आणि तिसऱ्या महिन्यात मी ते बिघडवलं.

त्या दिवशी एका जहाजाने ऐन वेळी साठ डझन अंडी मागवली. मी लाँचवर अंडी चढवायला धक्क्यावर गेलो. तिथे लाँचच्या तांडेलाला मी एक किस्सा सांगायला लागलो. किस्सा माझाच, मी एकदा अंड्यांच्या खोक्यावर कसा बसलो होतो तो. चांगला किस्सा आहे, अजूनही सांगतो. तो संपवून, हशा गोळा करून मी घड्याळ पाहिलं तर पन्नास मिनिटं झाली होती.

धावत जाऊन दार उघडलं. सबनीस खोक्यावर तसेच बसलेले. ओठ निळसर, मिशांवर पांढरं. उठायला दोन प्रयत्न लागले.

“अहो, दार आतून उघडतं!” मी ओरडलोच. “कडी आहे ना आतून! बाहेर का नाही आलात?”

बोलायला त्यांना जरा वेळ लागला. “तुम्ही ठोठावणार होतात ना.”

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं माहिती दिल्यासारखं म्हणाले. त्यांच्या डाव्या पायाची करंगळी त्या दिवसापासून बधिर झाली. रोज सकाळी मोजे घालताना ते ती चिमटीत धरून बघायचे. एकदा मी विचारलं, “काही कळतं का?” म्हणाले, “आहे हे दिसतं. हरकत नाही.”

‘हरकत नाही’ हे त्यांचं सगळ्याचं उत्तर होतं. मला ते फार सोयीचं पडलं.

आता इथे कंपनीची एक पद्धत सांगायला हवी. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट कुरियनसाहेबांच्या तिजोरीत असायचे. सुट्टीवर जायचं तर पासपोर्ट मिळायचा, पण दुसऱ्या एका माणसाने ‘गॅरंटी’ सही करायची, की हा परत येईल. तो येईपर्यंत सही करणाऱ्याचा पासपोर्ट तिजोरीतून हलणार नाही. घरी काहीही होवो. म्हणून लोक सुट्ट्या जोडीजोडीने ठरवायचे, आधी तू, मग मी. एखाद्याचा स्वभाव कसा आहे हे विचारायचं असलं तर लोक विचारायचे, “त्याची गॅरंटी कोण घेतो?”

सबनीसांनी चार वर्षं एकही सुट्टी न घेता तीन महिने साठवले. मंगळवेढ्यालाही गेले नाहीत. बहिणीला दर महिन्याला पत्र जायचं. शेवटी त्यांनी अबूधाबीला जाऊन व्हिसाचा अर्ज केला. तिथे त्यांना विचारलं, तुम्ही परत कशावरून याल? सबनीसांनी खिशातून स्टोअरची चावी काढून दाखवली. यावर व्हिसा मिळाला असं ते सांगायचे. मी असं खूप जणांना सांगितलं आणि कोणी विश्वास ठेवला नाही, पण व्हिसा मिळाला हे खरं. रजा ठरली जून ते ऑगस्ट. साहेबांनी रजेचा फॉर्म दिला आणि विचारलं, “गॅरंटी?”

ऑफिसात सबनीसांखेरीज आम्ही अकरा जण. दहा जण एकदम आपापल्या कागदांत शिरले. एकटा माणूस, मागे बायको नाही, पोरं नाहीत, आणि निघालाय कॅनडाला! आमचा ड्रायव्हर म्हणाला, “वो वापस आएगा? हबीबी, मैं होता तो नहीं आता.”

मी सही केली. झोकात केली. खाली रेघही मारली. त्या क्षणी मी स्वतःला फार आवडलो.

हे फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये मी आईला फोन केला. तेव्हा फोनकार्ड असायची, पैसे संपत आले की मध्येच एक बाई इंग्रजीत किती सेकंद उरलेत ते सांगायची. आईने माझ्यासाठी मुलगी आधीच पाहून ठेवली होती. मीही डिसेंबरात जाऊन पाहून आलो होतो. त्या फोनवर आई म्हणाली, “जूनच्या शेवटच्या आठवड्यातला मुहूर्त धरतोय. हॉल मिळतोय. चालेल ना?” बाई म्हणाली, चाळीस सेकंद. आई म्हणाली, “अरे बोल ना!” मी म्हणालो, “चालेल, चालेल, धरा.” फोन बंद झाला. कार्ड टोपलीत टाकून मी चार पावलं गेलो आणि मग मला ती सही आठवली, रेघेसकट.

करायला हवं होतं ते एवढंच, की नवं कार्ड घ्यायचं आणि आईला सांगायचं, जून नको. हे मला तेव्हाही कळत होतं. जून नाही तर मग चातुर्मास, म्हणजे थेट दिवाळीनंतर. पाच महिने. कोणी मरत नाही पाच महिन्यांत. पण आईचा आवाज, हॉल, मुलीकडचे लोक, त्यांना काय सांगायचं, एक स्टोअरकीपर हिमनदी बघायला चाललाय म्हणून? मी कार्ड घ्यायला उद्या जाऊ असं ठरवलं. असे अकरा उद्या गेले. तोवर पत्रिका छापून झाल्या.

मी ऑफिसात एकेकाला विचारलं, माझ्याऐवजी सही करता का? कोणी केली नाही. मग एका संध्याकाळी सबनीसांना सांगितलं, की सही मागे घेतो. ते तांदूळ निवडत होते, जेवणाचेच. मी म्हणालो की दुसरा मुहूर्तच नव्हता.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. शिट्टी संपेपर्यंत ते थांबले.

“हरकत नाही,” म्हणाले. “हिमनद्या कुठे पळून जातात? वर्षाला हातभर सरकतात फार तर.” आणि मग, “मुलगी कशी आहे?”

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपण गालाला बोट लावून बघतो, तसं मी दोन-तीन दिवस स्वतःला बोट लावून पाहिलं. काही नाही. मग खरेदीला लागलो.

माझं लग्न झालं. सबनीस हॉलवर तार पाठवायला विसरले नाहीत. मी जुलैअखेर परतलो, त्यांचा व्हिसा सप्टेंबरात संपला. साठलेली सुट्टी पुढे न्यायला साहेबांनी एकच वर्ष दिलं. पुढच्या वर्षी व्हिसा मागितला तो मिळाला नाही. चावी पुन्हा दाखवली का, असं मी विचारलं. म्हणाले, “दाखवली. या वेळी वेगळा मनुष्य होता.” मग ते तीन महिने मंगळवेढ्याला जाऊन आले.

“काय केलंत तिकडे तीन महिने?”

“बसलो.”

परत आल्यावर शुक्रवारचं डोंगरात जाणं बंद झालं असेल असं मला वाटलं होतं. झालं नाही. पंधरा किलो तांदूळ जायचे आणि यायचे. फक्त नकाशाच्या कडेला नवीन काही लिहिलेलं दिसलं नाही.

आणि आता माझी खरी कर्तबगारी. माझी बायको मंजिरी फुजैराला येऊन एका वर्षात म्हणायला लागली, “आपणही कॅनडाचा फॉर्म भरू या ना. सगळेच भरतात.” भरला. फॉर्म भरताना कुठला प्रांत, कुठलं गाव, हे सगळं सबनीसांनीच समजावलं. त्यांना तो देश आमच्या गल्लीसारखा पाठ होता. दोन वर्षांनी कागद आले. तेव्हाची रीत अशी, की एकदा तिकडे जाऊन शिक्का मारून घ्यायचा, इकडची नोकरी चालू ठेवायची, आणि मग सवडीने कायमचं जायचं. ऑफिसात सांगायचं की सुट्टीवर चाललो. म्हणजे गॅरंटी आलीच.

साहेबांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, “दिघे की गॅरंटी कौन लेगा?”

“मैं,” सबनीस म्हणाले.

“ये वापस नहीं आया तो तुम्हारा पासपोर्ट इधर ही पड़ा रहेगा. मालूम?”

“पड़ा रहने दो साब. मेरे को किधर जाने का है?”

त्यांनी सही केली. खाली रेघ मारली नाही.

मी मार्चमध्ये तीन आठवडे जाऊन आलो. टोरोंटोला मंजिरीच्या मावसभावाचं तळघर, त्याच्या समोरचा मॉल आणि सरकारी ऑफिस, एवढं पाहिलं. डोंगर देशाच्या दुसऱ्या टोकाला होते, सबनीसांच्या हिशेबाने शंभराहून जास्त दिवस. मी बाहेर फारसा पडलोच नाही, नाक गळून पडेल असं वाटायचं. परत येताना सबनीसांसाठी काय घ्यावं ते सुचेना, म्हणून विमानतळावर एका तळ्याचं पोस्टकार्ड घेतलं.

आपल्या खोलीत ते पोस्टकार्ड हातात धरून सबनीसांनी विचारलं, “गेला होतात?”

खरं तर ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण मी सुटलो. म्हणालो, गेलो होतो की! दोन दिवस काढून विमानाने गेलो. काय तळं आहे, सबनीस! निळं म्हणजे कसं निळं, साबणाच्या वडीसारखं. मागे हिमनदी. काठावर बसलो, पाण्यात पाय बुडवले, बोट करून आलो. मी चांगला सांगतो हो, सांगताना मला स्वतःलाच ते दिसायला लागलं.

सबनीस पुढे वाकून ऐकत होते. “पाणी हलत होतं?”

“हलत म्हणजे? लाटा होत्या!”

त्यांनी पोस्टकार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे या वर्षी बर्फ लवकर फुटला.”

“हो, तसंच म्हणत होते तिकडचे लोक,” मी म्हणालो.

ते चहा टाकायला आत गेले. कपाट उघडं होतं. नकाशावर, त्याच तळ्याशेजारी, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘ऑक्टोबर ते मेअखेर गोठलेलं. माणसं वरून चालतात.’

आतून विचारलं, “साखर किती, दिघे?”

“एक,” मी म्हणालो. चहा प्यायलो. चांगला झाला होता. ते तळ्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत आणि पोस्टकार्ड त्यांनी नकाशाशेजारी लावलं, सरळ, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी देऊन.

पुढच्या वर्षी राजीनामा देऊन आम्ही कायमचे निघालो. आता इतकी वर्षं इथे टोरोंटोला आहे. डोंगरांकडे अजून गेलो नाही. दर उन्हाळ्यात मंजिरी विचारते, मी म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. मुलगी म्हणते, “बाबा, इट्स जस्ट अ फ्लाइट.” ते मलाही माहीत आहे.

निघायच्या दिवशी मी निरोप घ्यायला स्टोअरवर गेलो. दुपार होती, जेवणाची सुट्टी. मंजिरी सामानाबरोबर बाहेर टॅक्सीत बसलेली. कोल्ड स्टोअरच्या दाराला एक छोटी गोल काच होती. ती पुसून आत पाहिलं. सबनीस मटणाच्या खोक्यावर बसलेले होते, लाल जाकीट, कमरेपर्यंत स्लीपिंग बॅग. जाकिटाचा लाल आता विटून विटकरी झाला होता. समोर काही नव्हतं, नुसती बर्फाचे पापुद्रे धरलेली भिंत. तिच्याकडे बघत बसले होते.

त्यांना मी दिसलो. त्यांनी हात वर केला आणि पाच बोटं दाखवली.

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. मग पुन्हा दिला. मंजिरीने काच खाली करून “अहो!” म्हणून हाक मारली. मी घड्याळाकडे बघत उभा राहिलो. तीन मिनिटं. चार. पाच झाली तेव्हा मी दार ठोठावलं.

आतून कडी निघाली. ते बाहेर आले. पापण्या पांढऱ्या, ओठ हलेनात. बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी घड्याळावर बोट ठेवून मान हलवली, बरोबर वीस. मग हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी धरला. लोखंडासारखा होता.

माझा तळहात दुबईच्या वाटेवरच्या मसाफीच्या घाटापर्यंत गार होता. पुढे सपाट रस्ता लागला, आणि मग हात नेहमीसारखा झाला.